दर तिमाहीला नवी कल्पना : सल्ला की धरसोडीचे समर्थन?

हिशेबाची वही :

"दर तीन महिन्यांनी एक नवी कल्पना बाजारात उतरवा, चालेल ती ठेवा, बाकीच्या टाकून द्या, एकाच धंद्याला पाच वर्षे चिकटून बसणे हा उद्योजकाचा आत्मघात आहे," असे परवा आपल्या या ऑनलाइन चर्चामंचावर एका सदस्याने ठासून लिहिले आणि त्यावर सहमतीचा पाऊस पडला. मला मात्र ते वाचून संताप आला, कारण असाच सल्ला मानून मी स्वतःची काही वर्षे वाया घालवली आहेत.

घाऊक व्यापाऱ्यांना मालसाठ्याची नोंद ठेवता येईल अशी एक साधी संगणक प्रणाली आम्ही चौघे मिळून विकत होतो आणि ती बऱ्यापैकी चालली होती. २०१६ मध्ये गप्पा मारणाऱ्या बॉटची लाट आली तेव्हा मी चारपैकी दोन माणसे तिकडे वळवली, पुढच्या वर्षी ब्लॉकचेनकडे, म्हणजे बिटकॉइनसारख्या आभासी चलनांमागच्या तंत्राकडे, वळवली, आणि नंतर आणखी दोन गोष्टींकडे, ज्यांची नावे घेण्याचीही मला आता लाज वाटते. एवढे होऊनही मी स्वतःला दूरदर्शी समजत होतो. जुनी टिपणे चाळताना मात्र लक्षात आले की प्रत्येक नवी कल्पना मला नेमकी अशाच आठवड्यात सुचली होती, ज्या आठवड्यात जुन्या कामातला कंटाळवाणा भाग समोर उभा होता : थकलेली वसुली, एका ग्राहकाच्या नोंदींत पडलेला घोळ, आणि कोणालाच लिहावीशी न वाटणारी वापरपुस्तिका. मला कल्पना सुचत नव्हत्या. मी पळवाटा शोधत होतो.

ज्यांना लाटांचे एवढे आकर्षण आहे त्यांनी डिसेंबर २०१७ आठवावा. बाटलीबंद चहा विकणाऱ्या एका अमेरिकी कंपनीने स्वतःचे नाव बदलून 'लाँग ब्लॉकचेन' केले, एका दिवसात तिचा शेअर जवळजवळ तिप्पट झाला, आणि पुढच्याच वर्षी नॅसडॅक या शेअरबाजाराने तिला यादीतून काढून टाकले. याउलट १९९७ मध्ये अ‍ॅपलमध्ये परतलेल्या स्टीव्ह जॉब्स यांनी बहुतांश उत्पादने बंद केली, आणि त्यातूनच ती कंपनी सावरली.

वळणवाट :

जॉब्स यांचे नाव आपण घेणार हे मला दुसऱ्याच परिच्छेदात कळले होते. आता दुसरी बाजू ऐका. स्लॅक ही आज कार्यालयांत रुळलेली संदेशसेवा 'ग्लिच' नावाच्या फसलेल्या खेळातून निघाली. तिच्याच एका संस्थापकाने त्याआधीही एक खेळ करायला घेतला होता आणि त्यातून २००४ मध्ये फ्लिकर हे छायाचित्रांचे संकेतस्थळ निघाले. एकच माणूस दोनदा खेळ करायला बसला आणि दोन्ही वेळा वेगळेच काही विकून मोठा झाला. आपल्या हिशेबाने तो आरंभशूरच ठरतो. आणि एकाग्रतेचे थडगे पाहायचे असेल तर कॅमेऱ्याची फिल्म बनवणाऱ्या कोडॅककडे पाहा : १९७५ मध्ये स्वतःच्याच प्रयोगशाळेत डिजिटल कॅमेरा तयार झाला असताना ही कंपनी फिल्मला चिकटून राहिली आणि जानेवारी २०१२ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला.

हिशेबाची वही :

स्लॅकचे उदाहरण आपल्याच विरोधात जाते. त्या मंडळींनी खेळ आधी बंद केला, बहुतेक सहकाऱ्यांना निरोप दिला, आणि खेळ बनवताना आपसांत बोलण्यासाठी जे साधन केले होते त्या एकाच गोष्टीवर ते बसले. खेळ चालू ठेवून बाजूला साधन, त्याच्या बाजूला आणखी काही, असे त्यांनी केले नाही. मार्ग बदलणे आणि एकाच वेळी चार मार्गांवर एकेक पाय ठेवणे यांतला फरक चार पाय नसलेल्या कोणालाही कळायला हरकत नाही.

रात्रपाळी :

मालकलोकांची ही चर्चा वाचून करमणूक झाली, कारण यात नोकराचा उल्लेख कोठेच नाही. आमचे मालक एखाद्या परिषदेहून परतले की सोमवारी सकाळी नवे काहीतरी सुरू होते आणि जुने काम मात्र बंद होत नाही, ते फक्त अदृश्य होते; म्हणजे ते आम्ही रात्री करतो. अर्धवट राहिलेल्या सात कामांची यादी माझ्या टेबलावर आहे आणि त्यांपैकी एकही काम "रद्द झाले" असे आजवर कोणी तोंडाने म्हटलेले नाही. धरसोड म्हणतात तिच्यात निदान सोडणे तरी असते.

जुनी फिल्म :

मूळ प्रश्न बाजूला राहिला तरी चालेल, पण कोडॅकबद्दलची ही दंतकथा मी निमूटपणे ऐकून घेणार नाही. फिल्म धुण्याच्या प्रयोगशाळेत माझे निम्मे आयुष्य गेले आहे. कोडॅक फिल्मला चिकटून मेली असे म्हणणाऱ्यांनी हेही सांगावे की १९८८ मध्ये तिने स्टर्लिंग ड्रग ही औषध कंपनी ५ अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम मोजून घेतली आणि १९९४ मध्ये कर्ज फेडण्यासाठी ती विकून टाकली. पुढे २००५ मध्ये अमेरिकेत सर्वाधिक डिजिटल कॅमेरे विकणारी कंपनीही कोडॅकच होती. तिला डिजिटल दिसले नाही हे खोटे आहे. फिल्मच्या रिळामागे जो नफा सुटत असे तो कॅमेऱ्यामागे सुटत नव्हता, आणि नंतर तर फोनने कॅमेराच गिळला. याउलट फुजीफिल्म या तिच्या जपानी प्रतिस्पर्धी कंपनीने फिल्ममधल्या कोलॅजेन या प्रथिनाचे आणि रंग फिका पडू न देण्याचे ज्ञान वापरून २००७ मध्ये त्वचेची प्रसाधने आणली. स्वतःला जे येते त्याच्या आधाराने पसरणे याला मी एकाग्रताच म्हणतो.

वळणवाट :

वा! म्हणजे कोडॅकने औषधे केली तर ती धरसोड, आणि फुजीने प्रसाधने केली तर ती एकाग्रता! रसायनांचे ज्ञान कोडॅककडे नव्हते काय? तिची रसायनांची शाखा एवढी मोठी होती की १९९४ मध्ये ईस्टमन केमिकल या नावाने ती स्वतंत्र कंपनी झाली. निकाल लागल्यावर विजेत्याच्या गळ्यात 'एकाग्र' अशी पाटी अडकवायची आणि हरलेल्याच्या गळ्यात 'चंचल' अशी, एवढेच काम आपण करत आहात, आणि वर प्रयोगशाळेतल्या आयुष्याचा दाखला देत आहात.

जुनी फिल्म :

माझ्या आयुष्याचा उपहास करण्याचे कारण नव्हते. कोडॅकने दुसऱ्याचा तयार धंदा कर्ज काढून विकत घेतला आणि फुजीने घरातले ज्ञान बाहेर काढले, हा फरक आपल्याला दिसत नसेल तर मी काय करणार?

वळणवाट :

फुजीनेही २००८ मध्ये तोयामा केमिकल ही औषध कंपनी ताब्यात घेतली, तेव्हा घरातले ज्ञान कोठे गेले होते? शब्द कठोर झाले असतील तर ते मागे घेतो. मुद्दा मागे घेत नाही.

जुनी फिल्म :

तोयामाचे मी विसरलो होतो, हे मान्य करतो. यापुढे कोडॅकवर मी बोलणार नाही. फक्त एवढेच नोंदवतो की जानेवारी २०१८ मध्ये याच कोडॅकच्या नावाने 'कोडॅककॉइन' हे आभासी चलन जाहीर झाले आणि शेअर एका दिवसात दुपटीहून वर गेला, तेव्हा तिच्या तथाकथित चिकाटीबद्दल आपण स्वतःच विचार करावा.

शाईचे डाग :

दोन कंपन्यांच्या भांडणात मूळ प्रश्न हरवू नये म्हणून माझे उलट टोकाचे उदाहरण देते. आमचा छापखाना पावतीपुस्तके छापत असे आणि मी त्याला आठ वर्षे अधिक चिकटून राहिले. पावत्या संगणकावर निघू लागल्या हे मला दिसत होते, जुने ग्राहक एकेक करून गळत होते, तरी "आपण आपल्या कामावर लक्ष द्यावे" हे वाक्य मी स्वतःला आणि पुतण्याला ऐकवत राहिले. तो खोक्यांच्या छपाईचा हिशेब मांडून तीन वेळा माझ्यापुढे बसला आणि तिन्ही वेळा मी त्याला चंचल ठरवले. आता आम्ही खोकीच छापतो, पण दोन यंत्रे विकून झाल्यावर. हिशेबाची वही यांनी नव्या कामात पळवाट शोधली. मी ती जुन्या कामात शोधली, आणि माझी पळवाट बाहेरून निष्ठेसारखी दिसत असल्यामुळे मला कोणी टोकले नाही. पुतण्याची मी अजून क्षमा मागितलेली नाही, ते वेगळे.

हिशेबाची वही :

आपल्या प्रतिसादाने माझी पंचाईत केली आहे. मी लिहिलेले मागे घेत नाही, पण टिपणे चाळण्याचा जो उपाय मी मिरवत होतो तो आपल्या बाबतीत निरुपयोगी ठरला असता हे कबूल करावे लागते, कारण आपल्याकडे नव्या कल्पनेची तारीखच नसती. माझ्याकडे आता एकच रीत उरली आहे : नवे काम सुरू करण्यापूर्वी चालू कामांपैकी कोणते बंद होणार आणि ते त्या ग्राहकाला फोन करून कोण सांगणार, हे नावानिशी लिहायचे. गेल्या वर्षी तो फोन मला एकदाच करावा लागला, इतर सर्व कल्पना फोनच्या विचारानेच विरून गेल्या. वळणवाट म्हणतील की त्यांत एखादी स्लॅकही विरली असेल. विरली असेलही.

वळणवाट :

मी ते म्हणणारच होतो; आपण स्वतः म्हणून माझे श्रम वाचवलेत, याबद्दल आभार.

रात्रपाळी :

आज सकाळी आमच्या मालकांनी ही सर्व चर्चा आम्हाला वाचायला पाठवली आणि 'एकाग्रता' नावाचा नवा उपक्रम जाहीर केला. त्यासाठी चालू कामांतून दोन माणसे काढून घेतली असून त्यांपैकी एक मी आहे. यादीतली सात कामे आता आठ झाली आहेत.