‘इंजेक्शन सीडिंग’ला मराठीत काय म्हणाल?

ऐरोलीकर: ठाण्यातल्या विज्ञानगटासाठी लेझरवर लेख लिहितोय. टीईए लेझरमध्ये (हवेइतक्याच दाबाच्या वायूत, बहुधा कार्बन डायऑक्साइडच्या, आडवी वीज सोडून चालणारा लेझर) बाहेरून एकाच वारंवारतेचा क्षीण किरण सोडला की अख्खा झोत त्याच वारंवारतेवर येतो. ‘बीज-अंतःक्षेपण’ लिहिलं, पण ते वाचून कोणाला कळणार?

कोपरी: ‘विरजण’ म्हणा. मी यावरच काम केलंय. वायूत वीज सोडली की पोकळीत, म्हणजे लेझरच्या दोन आरशांमधल्या जागेत, कितीतरी वारंवारता एकदम डोकं वर काढतात. मीटरभर पोकळीत शेजारच्या दोघींत १५० मेगाहर्ट्झचं अंतर. कोण पुढे जाणार ते एरवी गोंगाटावर ठरतं. मिलिवॅटचा किरण आधीच आत असला की ऊर्जा तोच ओढतो, बाकीच्यांना उरत नाही. बाहेर पडणारा स्पंद (पल्स) मात्र मेगावॅटचा! ऑसिलोस्कोपवर स्पंदाला दाते दिसायचे, किरण सोडला की रेघ गुळगुळीत. चमचाभर विरजणाने पातेलंभर दही लागतं, तसंच.

घोडबंदर: उत्साहावर विरजण पडतं. लेझर बंद पडला असंच लोक समजतील. ‘बीजारोपण’ आहे की.

कोपरी: पडणं वेगळं, लावणं वेगळं.

तुर्भे: मी लेझर कटिंगमध्ये आहे. आमच्याकडे बीम, ट्यूब, नोझल, सगळं असंच चालतं. ‘सीडिंग’च ठेवा. ‘क्लाउड सीडिंग’ पेपरात सगळ्यांनी वाचलंय.

घोडबंदर: ‘संगणक’ रुजलाच ना? लिहिलंच नाही तर रुजणार कसं?

नेरूळ: सीडिंग आणि लॉकिंग एक करू नका. १९६६ साली स्टोव्हर आणि स्टायर यांनी हेलियम-निऑन लेझर दुसऱ्या लेझरच्या प्रकाशाने जखडला. तिथे किरण सतत लागतो, वारंवारताही जवळच्या हव्यात, नाहीतर सुटतो. तिथे ‘विरजण’ बसत नाही. आणि किरण सोडणारा लेझर ‘मास्टर’, त्याच्यामागे जाणारा ‘स्लेव्ह’; या ‘मास्टर-स्लेव्ह’चं ‘मालक-गुलाम’ कृपया करू नका.

घोडबंदर: ‘चालक-अनुचर’ करा.

तुर्भे: अनुचर म्हणजे नोकरच की. कार्बन डायऑक्साइड लेझरवाले कुमार पटेल बारामतीचे ना?

कोपरी: हो, जन्म तिथलाच. पुण्यात इंजिनिअरिंग केलं, मग १९६४ साली बेल लॅब्जमध्ये हा लेझर.

तुर्भे: माझं आजोळ तिकडचंच. आजी ‘इरजण’ म्हणायची.

नेरूळ: ‘विचार’चं ‘इचार’ होतं, तसं.

घोडबंदर: बोलताना ठीक, लेखात ‘विरजण’च हवं.

कोपरी: म्हणजे ‘विरजण’ चालतंय तुम्हाला!

घोडबंदर: दह्यासाठी.