मोरी (शार्क) पकडून परत सोडायचीच असेल, तर गरवायला जायचं कशाला?

खाडीकाठचा (धागाकर्ता):
गेल्या शनिवारी फ्लोरिडातल्या टँपा बेमध्ये गाईड घेऊन गरवायला गेलो होतो. मी, बायको आणि दहा वर्षांचा मुलगा. चार तासांचे साडेपाचशे डॉलर, टिप वेगळी. कमरेएवढ्या पाण्यात, समुद्री गवतावर बोट थांबवली, गळाला खेकड्याचा तुकडा लावला आणि पंधरा मिनिटांत रीळ करकरायला लागलं. तीन फुटी बॉनेटहेड! फावड्यासारखं डोकं, आपल्या कानमुशीचं (हॅमरहेड शार्कचं) धाकटं भावंड. पोरगं नाचायचं तेवढं बाकी होतं आणि मी मनातल्या मनात खोबरं भाजायला घेतलं होतं.

गाईड म्हणाला, फोटो काढा, सोडून देऊ. फ्लोरिडात माणशी दिवसाला एक शार्क ठेवता येतो, बोटीवर जास्तीत जास्त दोन, आणि बॉनेटहेडला लांबीची अटही नाही. हे सगळं मी घरून वाचून गेलो होतो. तो म्हणाला, "माझ्या बोटीवर नाही." बर्फसुद्धा सोड्याच्या कॅनपुरताच आणलेला.

आमचे आजोबा देवबागच्या खाडीत गरवायचे. मासा पकडून, फोटो काढून परत सोडतात असं त्यांना कुणी सांगितलं असतं, तर त्यांनी त्या माणसाची मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली असती. खायचं नाही तर मुक्या जिवाला ओढाताण कशाला?

गळ आणि गप्पा:
गाईडचं बरोबर आहे. जिवंत मोरी हे त्याचं भांडवल. तुम्ही एकदा खाणार, तो पुढच्या गिऱ्हाइकाला तीच दाखवणार. शिवाय बॉनेटहेडला वर्षाला पिल्लं होऊन होऊन किती, साधारण दहा-बारा. बांगड्यासारखी लाखांनी अंडी नाहीत. २०२०पासून हा मासा जगभराच्या हिशोबात 'धोक्यात' या वर्गात आहे. २०२२ला पनामाच्या बैठकीत अख्खं हातोडी-डोक्याचं कुळ साइट्स (CITES) या वन्यजीव-व्यापाराच्या कराराच्या यादीत गेलं, ते उगाच नाही.

खाडीकाठचा:
साइट्स हा देशादेशांमधल्या व्यापाराचा करार आहे हो. माझ्या कढईपर्यंत येत नाही.

स्पष्टवक्ती:
मला दोघांचंही पटत नाही, पण गाईडचं जास्त नाही. सोडलेली मोरी पोहत गेली म्हणजे जगली, हे कुणी ठरवलं? हातोडी-डोक्याच्या जाती झुंजीत लवकर दमतात. वर पाण्याबाहेर धरून तीन कोनांतून फोटो. गेली तर गेली, खाली जाऊन मेली तर कोण बघायला जातंय? दिवसभरात सहा पकडून सोडणारा 'निसर्गप्रेमी', आणि एक पकडून रॉड गुंडाळून घरी जाणारा खादाड? माझ्या मते दुसराच कमी पाप करतो.

गळ आणि गप्पा:
म्हणूनच सर्कल हुक असतो. तो घशात न जाता बहुधा जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. फ्लोरिडात शार्कसाठी खरं आमिष लावलं की हाच गळ वापरायचा, तोही स्टेनलेस नसलेला, हा नियम आहे. गळ कापायचं कटर जवळ ठेवणंही सक्तीचं. टायगर शार्क किंवा मोठी कानमुशी लागली तर कल्ले पाण्याखालीच ठेवून सोडायची. फोटोचा सोस हा गिऱ्हाइकाचा दोष, खेळाचा नाही.

स्पष्टवक्ती:
गिऱ्हाईक फोटोसाठीच पैसे मोजतं ना? मग?

शाकाहारी सुखी:
साडेपाचशे डॉलरमध्ये किती भेंडी आली असती याचा हिशोब करतोय. चालू द्या.

मालवणी माणूस:
आमच्याकडे मोरी जाळ्यात येता ती बहुतेक मेलेलीच. सोडतलंस कोणाक?

मस्करी सोडा. आमच्या किनाऱ्याची मोरी म्हणजे जेमतेम दोन-अडीच फुटांची जात. बाळंतिणीला दूध येतं म्हणून तिची पिल्लंसुद्धा शोधून नेतात. ट्रॉलरच्या एका खेपेत टोपल्याच्या टोपल्या वीतभर पिल्लं येतात, ती कुणाच्या फोटोत येत नाहीत. गळाने एक मोरी काढणाऱ्याला शहाणपण शिकवण्याआधी त्या टोपल्या बघा. आणि मला विचाराल तर तारकर्लीत स्कूबाच्या बोटी चालतात तशा गरवायच्या बोटी का नकोत? दिवसाला चार पर्यटक, चार गळ. रापणवाल्यांच्या पोरांना काम मिळेल.

स्पष्टवक्ती:
आणि मासा पर्यटकाने सोडून दिला तर तुमचा पोरगा गप्प बघत राहील?

मालवणी माणूस:
पयशे दिल्यान तर रवात. नायतर मोरी आमची, तू फोटो घेवन घराक जा!

गळ आणि गप्पा:
ट्रॉलर वाईट म्हणून गळाला सगळं माफ, असं नाही होत. पण बोटींची कल्पना आवडली. फक्त पिल्लवाली मादी सोडायचीच, एवढा नियम करा.

मालवणी माणूस:
ह्यां मान्य.

खाडीकाठचा:
माझा राग अजून पुरता गेलेला नाही. पण एक कबूल करतो. मोरीच्या रक्तात युरिया असतो. पकडल्यावर लगेच रक्त काढून बर्फात ठेवली नाही तर अमोनियाचा वास सुटतो. त्या दिवशी घरी येईपर्यंत तिची काय अवस्था झाली असती आणि बायकोने मला कुठे झोपायला लावलं असतं, हे सांगायला नको.

पोरगा मात्र घरी येऊन विचारत होता, "बाबा, ती तिच्या घरी पोचली असेल ना?" मी हो म्हणालो. स्पष्टवक्तींचा प्रतिसाद त्याला वाचून दाखवणार नाही.

पुढच्या वेळी स्वतःचा बर्फ नेतोय, आणि बुकिंग करताना आधीच विचारणार आहे, ठेवू देणार का. टँपाकडे असा गाईड कुणाला माहीत असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा.