घरमालक डिपॉझिट अडवून बसलेत, वकील न लावता काय करता येईल?

कोथरूड_भाडेकरू
पुण्यात आम्ही दोघी मैत्रिणींनी ११ महिन्यांच्या रजिस्टर्ड लीव्ह अँड लायसन्सवर फ्लॅट घेतला होता. डिपॉझिट ६०,००० रुपये, मालकांच्या खात्यात ऑनलाइन भरलेलं. मुदत संपली, किल्ल्या दिल्या, वीजबिल भरलं. आता ते म्हणतात, रंगकामाचे ३५,००० कापणार. बिल मागितलं की फोन उचलत नाहीत. वकिलाची फी परवडणारी नाही. पोलिसांत तक्रार करावी का?

दस्त_आधी_वाचा
पोलीस 'दिवाणी मामला आहे' म्हणून परत पाठवतील. आधी करार काढून दोन कलमं वाचा: डिपॉझिट कधी परत करायचं आणि नुकसान कशाला म्हणायचं. बहुतेक मसुद्यांत नेहमीच्या वापराने होणारी झीज वगळलेली असते. खिळ्याची भोकं, फिकटलेला रंग, सोफा घासून भिंतीवर उमटलेली रेघ ही झीज. फुटलेलं बेसिन हे नुकसान. पण 'घर सोडताना रंगाचे अमुक रुपये' असं लिहिलेल्या करारावर सही केली असेल, तर तेवढ्या रकमेपुरती तुमची बाजू लंगडी पडते.

मग नोटीस. ती वकिलानेच द्यावी असं बंधन नाही. साध्या कागदावर दस्त क्रमांक व तारीख, डिपॉझिट भरल्याची तारीख, ताबा दिल्याची तारीख, मागणीची रक्कम, १५ दिवसांची मुदत आणि बँक खात्याचा तपशील लिहा. करारावर दोघींची नावं असतील तर दोघींच्या सह्या हव्यात. मालक नवरा-बायको दोघं असतील तर नोटीसही दोघांच्या नावे. रजिस्टर पोस्ट १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टात विलीन झालंय, त्यामुळे स्पीड पोस्टानेच पाठवा. पावती, पोच आणि नोटिशीची प्रत एकत्र टाचून ठेवा. शिव्या, धमक्या, 'बघून घेऊ' यातलं काही लिहू नका. तो कागद उद्या न्यायाधीशांसमोर जाईल.

विधी_सेवा_स्वयंसेवक
नोटिशीची मुदत टळली की शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या (मोफत कायदेशीर मदत देणारी सरकारी यंत्रणा) कार्यालयात जा. दावा न लावता 'दाखलपूर्व' अर्ज करता येतो, फी लागत नाही. प्राधिकरण मालकांना बोलावणं पाठवतं. नुसत्या नोटिशीला न बधणारे पुष्कळ जण या कागदावर येतात. मात्र आलेच नाहीत तर त्यांना ओढून आणायचा अधिकार प्राधिकरणाला नाही, हे धरून चला.

तडजोड झाली की लोकअदालतीत निवाडा होतो. त्याला दिवाणी हुकूमनाम्याचं, म्हणजे कोर्टाच्या निकालाचं, बळ असतं आणि त्यावर अपील नाही. म्हणूनच सही करण्यापूर्वी मजकूर नीट वाचा. 'लवकर देईन' चालणार नाही. तारीख, रक्कम, कोणत्या खात्यात आणि चुकल्यास किती व्याज, हे चारही त्यात हवं.

तडजोड फिसकटली तरी तुम्हाला मोफत वकील मिळू शकतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ खाली महिला, अनुसूचित जाती-जमाती, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट नाही. महाराष्ट्रात इतरांसाठी वार्षिक ३ लाखांची मर्यादा आहे. चौकशीसाठी १५१०० हा हेल्पलाइन क्रमांक.

कोथरूड_भाडेकरू
'३५ कापून बाकी देतो' हे त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलंय. चालेल का? आणि २५,००० त्यांनी पाठवलेच तर घ्यायचे का?

दस्त_आधी_वाचा
जरूर चालेल. डिपॉझिट मिळाल्याची ती कबुलीच आहे. नुसत्या स्क्रीनशॉटवर थांबू नका. संपूर्ण चॅट एक्सपोर्ट करा, फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. कोर्टात भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्याचे दोन भाग असतात, पहिला तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञाने.

२५,००० जरूर घ्या. त्याच दिवशी मेसेज करा: 'अंशतः रक्कम मिळाली, ३५,००० येणे बाकी.' 'पूर्ण व अंतिम' असा शब्द असलेल्या कशावरही सही नको.

मुदत_सांभाळा
एक गोष्ट राहिली. पैसे देय झाल्यापासून ३ वर्षांत दावा लावावा लागतो. फोनवरच्या 'पुढच्या महिन्यात देतो' ने मुदत एक दिवसही वाढत नाही. वाढायची तर ३ वर्षं संपण्याआधी दिलेली लेखी, सही असलेली कबुली लागते. लोक नेमके इथे फसतात, भिडेपोटी थांबतात.

आणि हे वाचणाऱ्या ज्यांचा करार रजिस्टरच नाही, त्यांनी हातपाय गाळू नयेत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. डिपॉझिट रोख दिलं असेल तर मात्र पावती शोधा, नसेल तर त्या दिवसाचा बँकेतून पैसे काढल्याचा उतारा तरी मिळवा.

अजून घरात राहत असाल तर किल्ल्या वॉचमनकडे देऊन निघू नका. खोल्यांचे फोटो, मीटरचं रीडिंग आणि 'ताबा मिळाला' अशी मालकाची दोन ओळींची सही घ्या. मालक परदेशात असेल तर निदान ईमेलवर घ्या.