दयाळ गायचा थांबलाय, त्याचं काही बरंवाईट झालं असेल का?

अंगणवेल:

पक्ष्यांमधलं मला फारसं कळत नाही. पण गेले दहा-बारा दिवस हा विचार डोक्यातून जात नाहीये, म्हणून विचारते. जरा लांबलं तर समजून घ्या.

आमच्या घरामागे छोटी बाग आहे. मार्चच्या सुरुवातीपासून तिथे एक दयाळ पहाटे गायचा. अगदी अंधार असतानाच सुरू. आईला औषध द्यायला मी साडेपाचला उठते, तोवर त्याचं निम्मं गाऊन झालेलं असायचं. बसायची जागा ठरलेली, शेजारच्या गच्चीवरच्या अँटेनाचं सगळ्यात वरचं टोक. आईला आता जवळजवळ दिसत नाही. तिचा दिवस त्या शिट्टीनेच उजाडायचा. "आज उशीर केला गं यानं," असं ती पडल्यापडल्या म्हणायची आणि खिडकीतून पाहिलं की आभाळ भरून आलेलं असायचं.

एप्रिलमध्ये कुंपणाच्या भिंतीत, एका जुन्या बंद पाइपाच्या तोंडात घरटं झालं. जमिनीपासून माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर. सुकं गवत, मुळ्या, एकदा तर माझ्याच कंगव्यातला केसांचा गुंता, सगळं मादीने वाहून आणलं. ती राखाडी आहे. नर तिच्या मागेमागे यायचा, पण त्याच्या चोचीत काही नसायचं. ती बाहेर गेलेली बघून मी एकदा, एकदाच, मोबाइलचा दिवा लावून आत डोकावले. निळसर हिरवी चार अंडी, त्यांवर तपकिरी ठिपके. नंतर मला फार अपराधी वाटलं. कारण ती परत आली आणि कितीतरी वेळ तारेवर बसून चर्र चर्र ओरडत राहिली, आत जाईना. शेवटी गेली एकदाची. अंडी उबवायला तीच बसायची. पिल्लं झाल्यावर मात्र दोघंही किडे आणायला लागली. मेच्या मध्यावर तीन पिल्लं बाहेर पडलेली मी पाहिली. चौथ्याचं काय झालं, कळलं नाही.

जूनभर तो गात होता. जुलैच्या मध्यापासून एकदम बंद. ऑगस्ट उजाडला तरी एक सूर नाही. मादीही दिसत नाही. आणि याच दिवसांत जास्वंदीच्या खाली मला दोनदा एक विचित्र पक्षी दिसला. काळा, विस्कटलेला, शेपूट जवळजवळ नाहीच. मला पाहताच झुडपात शिरला. इथे एक बोका फिरतो. त्याने दयाळाला मारलं असेल का? की शेपूट तुटलेला तोच दयाळ आहे?

आई रोज विचारते. मी सांगते, पाऊस आहे ना, म्हणून गात नाही. पण मलाच त्याची खात्री नाही.


रानवाट:

आधी एक विचारू का? तो दयाळच होता ना, की चिरक? दोघंही काळे, दोघंही शेपूट वर धरून जमिनीवर उड्या मारत हिंडतात, त्यामुळे गल्लत होते. चिरक लहान असतो आणि त्याच्या शेपटीखाली विटकरी तांबडा डाग असतो. पंखावर पांढरं असतं ते खांद्याजवळ थोडंसंच. दयाळाचं पोट पांढरं आणि पंखावर चांगला लांब पांढरा पट्टा.


अंगणवेल:

दयाळच. पोट स्वच्छ पांढरं, पट्टा लांब. उडाला की शेपटीच्या दोन्ही कडाही पांढऱ्या दिसायच्या.


पाणवठा:

अंगणवेलताई, तुम्ही आईला सांगताय ते अगदीच खोटं नाही. कारण फक्त वेगळं आहे.

माझ्या खिडकीसमोर वर्षानुवर्षं दयाळ राहत आलेत. मी एका वहीत दोनच गोष्टी टिपून ठेवतो: वर्षातलं पहिलं गाणं कधी ऐकलं आणि शेवटचं कधी. पावसाळ्याच्या मध्यावर कुठेतरी ती नोंद थांबते. पहिल्या वर्षी मीही तुमच्यासारखाच घाबरलो होतो. झाडाखाली पिसं पडलीत का, हे शोधत फिरलो होतो.

दयाळ गातो तो मुख्यतः दोन कारणांसाठी. ही बाग माझी आहे हे दुसऱ्या नरांना कळावं म्हणून आणि मादीसाठी. दिवस मोठा होऊ लागला की नराच्या शरीरातली संप्रेरकं वाढतात आणि गळा सुटतो. काही गाणाऱ्या पक्ष्यांच्या तर मेंदूतला गाण्याचा भागच विणीच्या दिवसांत मोठा होतो आणि नंतर आक्रसतो. दयाळाची वीण साधारण मार्च ते जुलै. पिल्लं वाढून मार्गी लागली की गाण्याचं कामच उरत नाही. तुमच्याकडे जुलैच्या मध्यावर बंद झालं, म्हणजे अगदी वेळेवर.

आता त्या शेपूट नसलेल्या पक्ष्याबद्दल. माझ्या मते तो तुमचाच दयाळ आहे. वीण संपली की हे पक्षी अंगावरची सगळी पिसं बदलतात. वर्षभर ऊन, पाऊस, घरट्याच्या भोकात घासून जाणं, यांनी पिसं झिजलेली असतात. जुनी गळतात आणि त्यांच्या जागी नवी येतात. या दिवसांत उडणं जड जातं, नवी पिसं घडवायला शरीराचं बळ लागतं, म्हणून पक्षी उंच टोकावर बसून कुणाच्या नजरेत येत नाही. झुडपाखाली, पालापाचोळ्यात, खालीखाली राहतो. जो अँटेनावरून सगळ्या गल्लीला ऐकवायचा, तो आता जास्वंदीखाली लपतो, ते यामुळे.

बोक्याच्या पंजात शेपूट गेलं असण्याचीही शक्यता आहे. त्यात फरक असा ओळखायचा: पुन्हा दिसला तर पंख नीट बघा. दोन्ही पंखांत सारख्याच जागी फट दिसली, तर पिसं आपली आपण गळतायत. एकाच बाजूची पिसं गेलेली असतील, तर झटापट झाली असावी. तसं असलं तरी लगेच जीव टांगणीला लावू नका. मुळासकट उपटलेल्या पिसाच्या जागी नवं पीस लगेच फुटू लागतं.

अंड्यांवर दिवा टाकलात त्याबद्दल तुम्ही स्वतःच लिहिलंत, म्हणून फक्त एवढंच सांगतो. धोका दिव्यापेक्षा मादी बाहेर ताटकळते त्याचा जास्त. तेवढ्या वेळात अंडी गार होतात, आणि तिचा आरडाओरडा ऐकून कावळ्याचं किंवा मांजराचं लक्ष त्या भोकाकडे जातं. तुमची दयाळीण परत गेली, तीन पिल्लं निघाली. पुढच्या वेळी लांबूनच बघा. नर किडा घेऊन आला की आत पिल्लं आहेत, एवढं पुरे.

एक विनंती. तो पाइप बुजवू नका. दयाळाला स्वतः भोक पाडता येत नाही. झाडाची ढोली, भिंतीतली खाच, असं तयार काहीतरी त्याला लागतं, आणि बागेतली तीच गोष्ट आधी जाते. आपण सुकी फांदी तोडतो, भिंत लिंपतो, आणि मग पक्षी कुठे गेले म्हणून विचारतो. जास्वंदीखालचा पाचोळाही सध्या झाडू नका. त्याचं सगळं पोट त्यावरच आहे. अळ्या, नाकतोडे, गांडुळं तो तिथेच टिपतो. एकदा एक दयाळ पालीचं लहान पिल्लू घेऊन उडालेला मी पाहिला आहे. कीटकनाशक तर मुळीच नको.


सांजदिवा:

आईंसाठी मोबाइलवर दयाळाचं रेकॉर्डिंग लावून बघा की. तो जवळपास असला तर ओ देईल, म्हणजे तुमचीही शंका फिटेल. माझ्या भावाने असं करून कोकीळ बोलावला होता.


पाणवठा:

सांजदिवा, कृपया हे करू नका. घरात खिडक्या लावून आईंना ऐकवलंत तर हरकत नाही, पण बागेत नको. त्याला ते रेकॉर्डिंग आहे हे कळत नाही. आपल्या हद्दीत दुसरा नर शिरलाय असंच वाटतं. एरवी तो छाती फुगवून, चोच वर करून, शेपूट पसरून त्याच्यावर चालून जातो. खिडकीच्या काचेतल्या स्वतःच्याच प्रतिबिंबावर चोच आपटणारे दयाळ तुम्हीही पाहिले असतील. आत्ता अंगावर धड पिसं नाहीत. अशा वेळी न दिसणाऱ्या शत्रूला शोधत त्याने उघड्यावर यावं, आणि बोका तिथेच असावा, हे आपल्यामुळे व्हायला नको.

अंगणवेलताई, त्याला बोलवायची गरजही नाही. गाणं थांबतं, आवाज थांबत नाही. संध्याकाळी दिवेलागणीला, बाकीचे पक्षी झोपायला गेले की कान द्या. दयाळ अंधार पडेपर्यंत जागा असतो. एक बारीक, लांबवलेली, जराशी केविलवाणी शिट्टी येते: स्वीऽऽ, मध्ये थांबून पुन्हा स्वीऽऽ. मार्चमधल्या गाण्याशी तिचं काहीच साम्य नाही, म्हणून आपण ती दुसऱ्या कुणाची समजतो. आणि मांजर दिसलं की तेच चर्र चर्र, जे तुम्ही मादीकडून ऐकलंत.


शब्दवेडी:

या पक्ष्याच्या नावाची गोष्ट इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. त्याचं शास्त्रीय नाव कॉप्सिकस सौलारिस. १७३७ मध्ये एलिआझर अल्बिन या इंग्रज चित्रकाराने आपल्या पक्ष्यांच्या पुस्तकात याला 'डायल बर्ड' म्हटलं, आपल्या दयाळ, दहियाळ या नावावरून. पुढे लोकांना वाटलं, हा डायल म्हणजे सूर्यघड्याळ असणार. शास्त्रीय नावांची पद्धत रूढ करणाऱ्या लिनिअसने 'सोलारिस' असं सूर्यावरून नाव द्यायला घेतलं आणि लिहिताना चूक होऊन 'सौलारिस' झालं, असंही काहींनी मांडलं. एडवर्ड ब्लाइथ या पक्षीशास्त्रज्ञाने ते खोडून काढलं. त्याच्या मते मूळ शब्द हिंदीतला 'सौलारी', म्हणजे शंभर गाणी असलेला. मला ब्लाइथचंच पटतं. माझ्या गॅलरीसमोरचा दयाळ मध्येच बुलबुलाची तान घेतो, मध्येच शिंपी पक्ष्याची टिविट टिविट मिसळतो, आणि सलग दोन वेळा तेच वाक्य म्हणताना मी त्याला क्वचितच ऐकलंय. बांगलादेशाने याला राष्ट्रीय पक्षी केलं आहे, तिथे त्याला दोएल म्हणतात.


पारंबी:

पिल्लांचं विचारायचं होतं. आमच्याकडे मे महिन्यात असंच एक खाली पडलेलं सापडलं, छातीवर खवल्याखवल्यांसारखे ठिपके होते. मुलं म्हणाली पाळूया. तेव्हा काय करायला हवं होतं?


पाणवठा:

पाळायचं नाही हे नक्की. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि त्याप्रमाणे आपल्याकडचा कोणताही रानपक्षी पिंजऱ्यात ठेवता येत नाही. पण कायद्याआधीची गोष्ट अशी, की अंगावर पिसं आलेलं, उड्या मारणारं पिल्लू बहुतेक वेळा पडलेलं नसतंच. ते घरट्यातून बाहेर निघालेलं असतं. नीट उडता यायला अजून वेळ असतो आणि तोवर आईबाप त्याला बाहेरच भरवतात. आपण जवळ उभे राहिलो की ते येत नाहीत, मग आपल्याला वाटतं पिल्लू पोरकं आहे. जवळच्या दाट झुडपात ठेवायचं, मांजर घरात घ्यायचं आणि लांब व्हायचं.


रानवाट:

ठिपक्यांमुळेच मी पहिल्यांदा दयाळाचं पिल्लू ओळखलंच नव्हतं. पूर्वी दयाळाला कस्तुर पक्ष्यांच्या कुळात धरायचे, तिथेही पिल्लांच्या अंगावर असेच ठिपके. आता माशीमारांच्या कुळात घेतलाय.


अंगणवेल:

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवसांनी लिहितेय, कारण खात्री करूनच लिहायचं ठरवलं होतं.

पाणवठा, तुम्ही सांगितल्याप्रमाणे रोज संध्याकाळी मागच्या पायरीवर बसायला लागले. पहिले दोन दिवस नुसता पाऊस. तिसऱ्या दिवशी उघडीप होती म्हणून आईची खुर्चीही दारात आणून ठेवली. तुम्ही लिहिलेलं सगळं मी तिला वाचून दाखवलं होतं. सातच्या सुमारास मी बेडकांच्या आवाजातून काही ऐकू येतंय का बघत होते, तेवढ्यात तिने माझा हात दाबला. "ती बघ," म्हणाली. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. दुसऱ्या वेळेला आली. इतकी बारीक होती ती शिट्टी, की गेला महिनाभर मी ती रोज ऐकलेली असणार आणि किड्याची समजून सोडून दिलेली असणार.

काल सकाळी तो दिसलाही. जास्वंदीखालचा पाचोळा उलटापालटा करत होता. पंखांकडे मुद्दाम बघितलं. डावीकडे फट होती, उजवीकडेही तिथेच. शेपूट बोटाच्या पेराएवढं, पण ते तेवढंच ताठ वर धरलेलं. दोन हातांवर एक ठिपक्याठिपक्यांचं पिल्लू होतं, एकटंच टिपत होतं. तो त्याला भरवत नव्हता, हाकलतही नव्हता.

पाइपाच्या तोंडाशी मी खडूने मोठी खूण केली आहे. पुढच्या महिन्यात भिंतीच्या कामाला गवंडी येणार आहे, त्याला ती जागा सोडायला सांगायचंय. आईने मला एक वही आणायला सांगितली आहे. पहिलं गाणं कधी झालं ते ती सांगणार, मी लिहायचं.