मदत हवी आहे: नैराश्याच्या गोळ्या आणि मावळलेली लैंगिक इच्छा
नमस्कार. मी पुण्यात, कोथरूडला राहते. नैराश्यासाठी एस्सिटालोप्राम सुरू केल्यापासून झोप सुधारली, कारण नसताना येणारे रडू थांबले, सकाळी उठून डबे भरण्याइतकी उभारी आली. परंतु त्याच काळात लैंगिक इच्छा जवळजवळ नाहीशी झाली आणि जवळीक झाली तरी कामतृप्ती मिळेनाशी झाली. मेंदूतील सेरोटोनिन या रसायनावर काम करणाऱ्या या औषधांचा हा परिचित दुष्परिणाम आहे आणि क्वचित तो औषध थांबवल्यावरही टिकू शकतो, म्हणून युरोपीय औषध संस्थेने २०१९ मध्ये माहितीपत्रकात तशी सूचना घालण्याची शिफारस केली, हे वाचल्यापासून मी धास्तावले आहे. माझे मन त्यांच्यावरून उडाले, असे यजमानांना वाटते आणि तेच मला सर्वांत जास्त बोचते.

गोळ्या स्वतःच्या मनाने मी मुळीच बंद करणार नाही. डॉक्टरांकडे सासूबाई सोबत असतात, त्यामुळे विषय ओठांवर येऊन तसाच राहतो. एकटीने बोलण्याची वेळ कशी मागावी? डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा कमी करून, किंवा ब्युप्रोपिऑन अथवा मिर्टाझापिन या नैराश्यावरच्या दुसऱ्या औषधांकडे वळून कोणाला फरक पडला आहे का? हे नीट ऐकून घेणाऱ्या, शक्यतो स्त्री मानसोपचारतज्ज्ञ पुण्यात कोणाच्या माहितीत असल्यास कृपया कळवावे.