स्मरणिकेतील चित्राखाली ‘सौजन्य : इंटरनेट’ लिहावे का?

मांडवीकाठ : आमच्या नाट्यमंडळाच्या स्मरणिकेच्या मुखपृष्ठासाठी गोव्यातील माशेलच्या चिखलकाल्याचे (आषाढात चिखलात खेळण्याच्या उत्सवाचे) एक छायाचित्र निवडले आहे. ते व्हॉट्सअ‍ॅपवरून आले आणि कोणी काढले हे संपादक मंडळात कोणालाच ठाऊक नाही, म्हणून खाली ‘छायाचित्र सौजन्य : इंटरनेट’ असे छापायचे ठरले आहे. माझा याला विरोध आहे. ज्याने आपणहून चित्र वापरू दिले, त्याच्यासाठी ‘सौजन्य’ हा शब्द असतो. ज्याला विचारलेच नाही त्याचे सौजन्य कसले? आषाढाच्या पावसात, देवकीकृष्णाच्या देवळासमोरच्या चिखलात कॅमेरा सांभाळत जो उभा राहिला, त्याला नाव आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ नुसार, हक्क विकून टाकले तरी कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा अधिकार त्याच्याकडेच राहतो. ओळीत छायाचित्रकाराचे नाव, स्थळ, वर्ष आणि परवानगी कोणाची, एवढे असावे. नाव सापडत नसेल तर चित्र छापूच नये.

जुनी ट्रंक : आपले शेवटचे वाक्य मला मान्य नाही. गावातल्या घराघरांतून आम्ही १९७० च्या दशकातल्या नाटकांची छायाचित्रे गोळा केली आहेत. काहींच्या मागे स्टुडिओचा पुसट शिक्का आहे, स्टुडिओ कधीच बंद झाला, आणि बहुतेकांच्या मागे तेवढेही नाही. आपला नियम लावला तर पुरुषांनी रंगवलेल्या नायिकांची आमच्याकडे उरलेली एकमेव खूण ट्रंकेतच कुजेल. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवर चित्र सोडणाऱ्याने ते चार लोकांनी पुढे पाठवावे म्हणूनच सोडलेले असते. (आणि तबलजीचे नाव तरी आपण दरवर्षी कुठे छापतो?)

फोंड्याची वकिलीण : पुढे पाठवायला दिले म्हणजे छापायला दिले, असा अर्थ कायद्यात निघत नाही. चालू घडामोडींच्या वार्तांकनाला काही सूट आहे, पण स्मरणिकेचे मुखपृष्ठ हे वार्तांकन नव्हे. दुसरे असे की व्हॉट्सअ‍ॅपवरून सर्वसाधारण रीतीने छायाचित्र पाठवले की त्याच्या फाइलमधली कॅमेऱ्याची व कर्त्याची माहिती गळून पडते. त्यामुळे ‘नाव नव्हतेच’ हे म्हणणे बहुधा ‘वाटेत पुसले गेले’ असे असते.

जुन्या नाट्यचित्रांचे मात्र वेगळे आहे. मंडळाने पैसे देऊन छायाचित्रकार बोलावला असेल आणि वेगळा करार नसेल, तर कलम १७ प्रमाणे कॉपीराइटचे पहिले मालक मंडळच ठरते. छायाचित्रकाराचा नावाचा अधिकार तेवढा राहतो. अशा चित्राखाली ‘छायाचित्र : (शिक्क्यावर वाचता येईल ते नाव), संग्रह : अमुक कुटुंब’ असे लिहावे. शिक्का नसल्यास ‘छायाचित्रकार अज्ञात’ असे स्पष्ट लिहावे. ‘सौजन्य’ इथे चालेल, कारण त्या कुटुंबाने चित्र खरोखरच दिले आहे. पण ‘साठ वर्षे झाली की सगळे मोकळे’ हा हिशेब धरू नका : पूर्वी छायाचित्राच्या कॉपीराइटची ती मुदत प्रसिद्धीपासून मोजत, २०१२ च्या दुरुस्तीनंतर ती छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे अशी आहे.

जुळणीवाला : व्यवहाराचे बोलू. नाव छापले की माणूस मानधन मागायला येतो, हा माझा अनुभव आहे. मुखपृष्ठावर बारीक अक्षरांची रांग लावली की ते पंचायतीच्या नोटिशीसारखे दिसते, तेही वेगळेच. परवान्याने मोफत मिळणारी चित्रे घ्या आणि मोकळे व्हा.

मांडवीकाठ : मानधन मागणे हा त्याचा गुन्हा नव्हे. नाव लपवून पैसे वाचवायचे असतील, तर तो आपला गुन्हा ठरतो. ओळ आतल्या पानावर, मुखपृष्ठाच्या तपशिलात छापता येईल. आणि मोफत चित्रांचे म्हणाल, तर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या (निर्माते आपले काम इतरांना वापरू देतात त्या तयार परवान्यांच्या) श्रेय मागणाऱ्या प्रकारांत निर्मात्याचे नाव, परवान्याचे नाव व त्याचा दुवा द्यावाच लागतो, शिवाय चित्रात बदल केला असल्यास तेही सांगावे लागते. आपण या चित्राचे आभाळ निळे केले आहे, हे विसरू नये.

जुन्या चित्रांबाबत मी माझे वाक्य मागे घेतो. मुखपृष्ठाबाबत घेत नाही. ज्यांनी हे चित्र गटात टाकले त्यांना मी काल विचारले. त्यांना ते भाच्याने पाठवले होते, भाच्याला माशेलच्या एका मित्राने. त्या मित्राशी रविवारी बोलणे होईल. तोवर मुखपृष्ठ छपाईला देऊ नये, ही विनंती.