‘कायम उणे एकवर ठेवा’ म्हणे!

नळस्टॉपकर
परवा इथल्या फोटोंच्या फोरमवर ‘नवशिका’ यांनी ‘नेटवर सापडलेल्या युक्त्या, ज्यांनी माझे फोटो बदलले’ असा धागा काढला. खाली वाहवाचा पाऊस. तिथेच लिहायला घेतलं, पण प्रतिसाद मारुतीच्या शेपटासारखा वाढला, म्हणून वेगळा धागा.

त्यांच्या युक्त्या थोडक्यात: फोटो फक्त सोनेरी उन्हात काढा, एक्सपोजर (फोटोतला उजेड) कायम उणे एकवर ठेवा, विषय तिसऱ्या रेषेवर (चौकटीच्या एक तृतीयांशावर) घ्या, ५०ची (५० मिमी) लेन्स लावा, ती डोळ्यासारखी बघते, आणि ‘जवळ जा, अजून जवळ जा’. पुरावा म्हणून वारीचे १२ फोटो, दिवे घाटातले.

अहो, ज्येष्ठाच्या अखेरीस दिवे घाटात सोनेरी ऊन कुठून आणणार? पालखी घाटाला लागते तेव्हा वर राखाडी आभाळ असतं, आणि तेच बरं असतं. ढग म्हणजे फुकटात मिळालेला भलामोठा डिफ्यूझर, उजेड मऊ पसरवणारा पडदा. टोपीखाली डोळ्यांवर काळी सावली पडत नाही, सुरकुती न् सुरकुती मऊ उतरते.

आता ते उणे एक. कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर समोरचं सगळं सरासरीने मध्यम करडं आहे असं धरून चालतं. चौकटभर पांढरे सदरे आणि पांढऱ्या टोप्या आल्या की ते बिचारं बिचकतं आणि स्वतःच काळोख करतं. त्यात तुम्ही आणखी एक स्टॉप (म्हणजे निम्म्या उजेडाने) खाली! १२ पैकी ८ फोटोंत माउलींची माणसं कोळशाच्या वखारीतून आल्यासारखी दिसतायत ती त्यामुळे. तिथे अधिक दोन तृतीयांश लागतं, कधी अधिक एक. भर दुपारच्या उन्हासाठी कुणीतरी लिहिलेली युक्ती ढगाखाली वापरायची नसते, एवढं साधं आहे.

नवशिका
काका, नवशिका आहे हे मी नावातच लिहिलंय. उणे एक का, ते पण लिहिलं होतं, तुम्ही सोयीस्कर गाळलंत. पांढरा रंग एकदा फुटला (त्यातला तपशील उडाला) की परत येत नाही, सावल्या मात्र रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) नंतर उचलता, म्हणजे उजळता येतात. यात चूक काय? मी सावल्या उचलायला विसरलो हा माझा आळस, युक्तीचा दोष नाही.

आणि इथे विचारलं तर ‘आधी दहा वर्षं काढा, मग बोला’ असं उत्तर मिळतं. नेट निदान दुपारी एक ते चार बंद नसतं.

पेठेतला
एक ते चार! 😂 पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

खडूस_खिडकी
मुद्दा दोघांचाही अर्धा. सावली उचलता येते, पण फुकट नाही. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) ३२०० ला काढून दोन स्टॉप उचला, मग बघा आजींच्या गालावर रवा सांडल्यासारखा दिसतो की नाही.

अवांतर: तो तिसऱ्या रेषेचा नियम फोटोवाल्यांचा नाहीच. जॉन थॉमस स्मिथ नावाच्या इंग्रज खोदचित्रकाराने १७९७ साली निसर्गचित्रांसाठी तो मांडला. फोटोकलेच्या आद्य संशोधकांपैकी एक, फ्रेंच दगेर, त्याचा कॅमेरा जगापुढे आला १८३९ला. आणि ‘५०ची लेन्स डोळ्यासारखी’ हेही क्रॉप बॉडीवर (छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) खरं नाही. निकॉनवर ती ७५सारखी वागते, कॅननवर ८०सारखी.

पेठेतला
विद्वत्तेला दंडवत. माझा फोन आहे, त्याचं काय?

तुळस
नवशिका, फोटो क्रमांक ७. डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या आजी. मागची दिंडी पुढे निघून गेलीय आणि त्या वळणावर एकट्याच उभ्या आहेत. त्यांना तुम्ही थांबवलंत का?

नवशिका
दोन मिनिटं. मागे गर्दी येत होती. त्या आनंदाने थांबल्या.

तुळस
आनंदाने! सकाळी पुण्याहून निघून चढणीला लागलेली सत्तरीची बाई ‘नाही’ कसं म्हणेल? तिच्या लेखी तुम्हीही माउलीच.

माझी आई अकरा वर्षं वारी करते. एका वर्षी तिचा फोटो एका कंपनीच्या कॅलेंडरवर आला, जुलैच्या पानावर. आम्हाला कळलं ते वाण्याच्या दुकानात. पायाला चिंध्या गुंडाळलेल्या, तोंड उघडं, पाणी मागत होती म्हणे तेव्हा. खाली ‘भक्तीचा आनंद’. आईने ते पान पाहिलं आणि पुढच्या वर्षी तोंडावर पदर घेऊन चालली. तुमची ‘जवळ जा, अजून जवळ जा’ ही युक्ती कुणाच्या जवळ, ते पण लिहा की.

घाटवाट
कॅलेंडरवाल्यांचं चुकलंच. पण भर रस्त्यात सोहळा चाललाय, लाखो लोक बघतायत, तिथे प्रत्येकाची परवानगी घेत बसलो तर फोटो काढायचाच नाही का? वारी घरोघरी पोहोचली ती फोटोंमुळेच.

तुळस
वारी पोहोचली ती पायांनी.

पेठेतला
💯

घाटवाट
टाळ्यांची वाक्यं टाकू नका. मी १५ वर्षं काढतोय, एकाही माणसाला दुखावलेलं नाही.

तुळस
त्यांनी सांगितलं तुम्हाला? की तुम्ही विचारलंत?

नळस्टॉपकर
धाग्याचं काश्मीर होतंय, भलत्याच भांडणाकडे चाललाय. विषय एक्सपोजरचा होता. तरी, आता निघालंच आहे तर: मी मुक्कामाला गाठतो. नाना पेठेत किंवा भवानी पेठेत पालख्या उतरल्या की संध्याकाळी लोक पाय शेकत बसलेले असतात. आधी तासभर गप्पा, कॅमेरा पिशवीत. रस्ता मोकळा करून माणसं पुन्हा चालायला लावणारे ते हल्लीचे रीळवाले, मी नव्हे.

खडूस_खिडकी
नळस्टॉपकर, २०१६च्या आसपास तुम्हीच इथे लिहिलं होतंत की फुगडी नीट आली नाही म्हणून दोन बायकांना परत घालायला लावली. शोधून दुवा देऊ?

नळस्टॉपकर
नको. आठवतंय. तेव्हा फिल्मची सवय सुटली नव्हती, ३६ फोटोंत भागवायचं म्हणून… असो. चूक होती.

पेठेतला
नोंद घ्यावी, नळस्टॉपकरांनी चूक मान्य केली. पेढे कोण वाटतंय?

नवशिका
ठीक आहे. दोन मिनिटं म्हणालो, ती दोन मिनिटं नव्हती. आजींना मी वळणापर्यंत मागे बोलावलं. दोनदा. पहिल्यांदा टोपीवाला एक जण मध्ये आला होता.

एक्सपोजरचंही करून पाहिलं. काल खिडकीत पांढरा टॉवेल लटकवून उणे एक, शून्य, अधिक एक असं काढलं. अधिक एकलाच टॉवेल पांढरा दिसला. तेव्हा काकांचं बरोबर, ढगाखाली. कडक उन्हात मी उणेच ठेवणार.

नळस्टॉपकर
कडक उन्हात ठेवा की. मी तेच म्हणत होतो.

नवशिका
तेच म्हणायला तीन परिच्छेद आणि कोळशाची वखार लागली. ह.घ्या. (हलके घ्या)
क्रमांक ७ मात्र काढून टाकलाय.

तुळस
काढायला कुणी सांगितलं? मागच्या पताकेवर दिंडीचा नंबर वाचता येतो. प्रिंट काढा, पुढच्या वर्षी मुक्कामावर नेऊन द्या. तेवढा पदर उजळून घ्या आधी, आजी कोळशातल्या वाटतायत.